टिचबटणांच्या बाह्या

आमच्या नर्सिंग कॉलेजात तिला सगळे भोंगा म्हणायचे. हे नाव पडलं ते पहिल्याच आठवड्यात. शरीरशास्त्राच्या तासाला मॅडमनी विचारलं, "शरीरातलं सगळ्यांत मोठं हाड कोणतं?" आणि मागच्या बाकावरून "मांडीचं!" असं उत्तर आलं, ते इतकं खणखणीत की शेजारच्या वर्गात कोणाच्या तरी हातून खडू खाली पडला. तिला त्या नावाचा राग वगैरे नव्हता. उलट ती कौतुकाने सांगायची, "माझी आई बसवर कंडक्टर आहे. बावीस वर्षं 'पुढे सरका, पुढे सरका' करतेय. तिच्या पोटी जन्मून मी काय कुजबुजणार?" वडील शिंपी होते. ते मात्र इतकं हळू बोलायचे की माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक कान पुढे करून उभं राहायचं.

मी तिची खोलीतली पार्टनर. हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. दोन लोखंडी खाटा, एक खिडकी, आणि दार हिसका देऊन उघडावं लागेल असं एक कपाट. वर्षभर त्या खोलीत हसण्याखेरीज काही झालं नाही असं म्हटलं तरी चालेल. अभ्यासही झाला, पण तोही हसत हसत. इंजेक्शन द्यायचा सराव आम्ही उशीवर करायचो, आणि ती उशीच्या वतीने कण्हायची.

दुसऱ्या वर्षी तिचं काहीतरी बिनसायला लागलं. सकाळी उठली की बोटं आखडलेली असायची. युनिफॉर्मची बटणं लावायला अर्धा तास लागायचा, टूथपेस्टचं झाकण मी उघडून द्यायचे. दुपारपर्यंत बोटं मोकळी व्हायची आणि ती सगळं विसरून जायची. मग ताप यायला लागला, थोडासाच, अधूनमधून. केस विंचरले की कंगवा भरायचा. तोंडात टाळूला फोड आले, तेही न दुखणारे. आणि गालांवर लाली चढली, उन्हातून आली की जास्तच.

पण दुखणं अंगावर काढण्यात तिचा हात कोणी धरला नसता. बोटं दुखतात ती लिहून लिहून. दमायला होतं ते ड्यूटीमुळे. केस गळतात ते इथल्या पाण्याने. गाल लाल होतात कारण "माझा रंगच तसा, लाजरा." प्रत्येक दुखण्याला तिच्याकडे वेगळं कारण तयार होतं. ती सगळी एकाशेजारी एक मांडून बघावीत, असं आम्हा दोघींनाही सुचलं नाही. आणि आम्ही म्हणे नर्स व्हायला निघालो होतो!

ते मांडून दाखवलं मॅडमनी, आणि तेही नकळत. मेडिसिनच्या तासाला पडद्यावर एकेका आजाराची चित्रं दाखवणं चालू होतं. मॅडम म्हणाल्या, "आता ल्युपस. तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो. सकाळी सांधे आखडतात, बारीक ताप, थकवा, केस गळणं, तोंडात फोड. आणि चेहऱ्यावर हे असं." पडद्यावर एका बाईचा चेहरा आला. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेली लाली, पंख उघडून बसलेल्या फुलपाखरासारखी. नाकाच्या कडेच्या घड्या तेवढ्या कोऱ्या.

मग एकेक मान वळायला लागली. पहिल्या बाकावरची वळली, दुसऱ्या बाकावरची वळली, आणि बघता बघता अख्खा वर्ग मागे वळून भोंगाकडे बघत होता. मीही. मॅडमनी आमच्या नजरेमागून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

भोंगा उठून उभी राहिली. "मॅडम," ती म्हणाली, "माझा फोटो तुम्हाला कोणी दिला?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं, खडूचे हात तसेच घेऊन मागच्या बाकापर्यंत आल्या, तिची बोटं आपल्या बोटांत धरून हलकेच दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "चल." त्या तिला बाहीला धरून थेट समोरच्या इस्पितळात घेऊन गेल्या. रांगेत स्वतः उभ्या राहिल्या. नंतर कितीतरी दिवस भोंगाच्या युनिफॉर्मच्या बाहीवर मॅडमच्या खडूची पाच बोटं होती, कारण ती तो धुवायला देईना.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, लघवीची झाली, आठवड्याने निदान पक्कं झालं. संधिवाताच्या डॉक्टर मध्यम वयाच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. एकेक शब्द मोजून बोलायच्या. "हा आजार पूर्ण जात नाही," त्या म्हणाल्या, "पण आवरता येतो. गोळ्या रोज. ऊन टाळायचं. झोप पुरेशी. लघवी आणि रक्तदाब दर तपासणीला बघायचा. या गोळीसाठी वर्षातून एकदा डोळे तपासायचे. काही विचारायचंय?"

भोंगाला एकच विचारायचं होतं. "मला नर्स होता येईल?"

"हात धुता येतात?"

"येतात."

"मास्क लावता येतो?"

"येतो."

"मग होता येईल. फक्त स्वतःची गोळी विसरणारी नर्स मला माझ्या वॉर्डात नको."

रविवारी तिची आई आली, दुपारची पाळी बदलून, कंडक्टरच्या गणवेशातच. खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आता सांग. काय आहे हे नक्की?"

भोंगाने वहीतली वाक्यं म्हणून दाखवली. प्रतिकारशक्ती, स्वतःच्याच पेशी, दाह. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तू परीक्षेत लिही. मला माणसाच्या भाषेत सांग."

भोंगाने थोडा विचार केला. "आई, शरीरात एक तपासनीस असतो. बाहेरून जंतू आला की त्याला धरून उतरवायचं हे त्याचं काम. माझा तपासनीस बिथरलाय. तो घरच्यांनाच धरतोय. सांध्यांना, कातडीला."

आईचा चेहरा उजळला. "म्हणजे ज्यांनी तिकीट काढलंय त्यांनाच खाली उतरवतोय!"

"अगदी बरोबर."

"मग त्याला कामावरून काढून टाका की."

"काढला तर सगळे फुकटे घुसतील ना गाडीत. साधा सर्दीखोकलासुद्धा मला महागात पडेल. त्याला काढायचं नाही, शांत करायचं. गोळ्या त्यासाठीच आहेत."

आई बराच वेळ मान हलवत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "असा एक होता आमच्या डेपोत. त्याची गाडी बदलून दिली, सुधारला." जाताना तिने मला जिन्यात गाठलं. तिथे मात्र तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "लक्ष ठेव गं तिच्यावर," एवढंच बोलली आणि पदर सावरावा तशी खांद्यावरची पिशवी सावरून निघून गेली.

मी लक्ष ठेवलं. पण कमी पडले.

गोळ्या लागू पडल्या, हाच घोटाळा झाला. चार महिन्यांत बोटं मोकळी झाली, लाली उतरली, केस पुन्हा उगवायला लागले आणि कपाळावर बारीक तुरे उभे राहिले. भोंगा पुन्हा पहिल्यासारखी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढायला लागली. त्यातच आमची वस्तीतल्या कामाची पाळी आली. बारा दिवस घरोघर जायचं, लहान मुलांची वजनं घ्यायची, गरोदर बायांची नोंद करायची. सगळं भर उन्हात. मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "तुला दवाखान्यात बसून काम देते." तिने ऐकलं नाही. "सवलत नको मॅडम. उद्या म्हणतील आजारी पोरगी, हिला कुठे नोकरी द्यायची."

आणि गोळ्या? त्या तिने केव्हाच सोडल्या होत्या. आता बरं वाटतंय, मग कशाला, असं म्हणून. इस्पितळात हेच रुग्णांच्या तोंडून ऐकलं की ती कंबरेवर हात ठेवून रागवायची.

अकराव्या दिवशी संध्याकाळी खोलीत आल्यावर तिने बूट काढले, आणि मोज्यांच्या कडा तिच्या पायांत रुतलेल्या दिसल्या. "चालून सुजलेत," ती म्हणाली. मी खाली बसले आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, वर्गात शिकवला होता तसा. अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला. आम्ही दोघी त्या खड्ड्याकडे बघत बसलो. तो भरून यायला किती वेळ लागला हे मी मोजलं नाही.

"गोळ्या कुठे आहेत?" मी विचारलं. तिने उशीखालून पाकीट काढून दिलं. भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रयोगशाळेत गेलो. लघवी तपासायची पट्टी आम्हाला सवयीची होती. पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं, डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. तिने स्वतःच बुडवली. पिवळा चौकोन हिरवा झाला, आणि हिरवा होतच राहिला. प्रथिनं जात होती. आजार मूत्रपिंडापर्यंत पोचला होता.

डॉक्टर रागावल्या नाहीत, हेच तिला जास्त लागलं. त्यांनी तिला दाखल करून घेतलं, मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि औषधं वाढवली. त्यांतली एक गोळी स्टिरॉइडची. आठवड्याभरात तिचा चेहरा गोल गरगरीत झाला आणि भूक अशी लागायला लागली की जेवणाची गाडी व्हरांड्यात असतानाच ती ताट घेऊन बसायची. ज्या वॉर्डात ती पुढच्या महिन्यात शिकायला येणार होती, त्याच वॉर्डातली आठ नंबरची खाट तिला मिळाली. "मी जरा लवकर रुजू झाले," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण जवळ मी एकटीच असले की भिंतीकडे तोंड करून पडायची.

नऊ नंबरला एक पोस्टातल्या मावशी होत्या. म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या. न्यूमोनियासाठी आल्या होत्या, आता घरी जायच्या बेतात. दोन दिवस त्या भोंगाची वळलेली पाठ बघत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "ल्युपस ना गं?"

भोंगा वळली. "तुम्हाला कसं कळलं?"

"अठ्ठावीस वर्षं सोबत राहतोय माझ्या. लांबून चप्पल ओळखते त्याची." मावशींनी आपली बोटं पुढे केली. एक करंगळी जराशी तिरकी, बाकी ठणठणीत. "या हातांनी रोज हजार पाकिटांवर शिक्के मारलेत. दोन मुलं वाढवली. मूत्रपिंडाचं माझंही झालं होतं, तुझ्यापेक्षा वाईट. आता बघ, खोकल्यासाठी आले होते, तेही बरं झालं."

"गोळ्यांचा कंटाळा नाही येत?"

"येतो की. पण गोळी आवडायची गरज नसते बाळा. चुकायची नसते, एवढंच."

त्यानंतर दोघींच्या खाटांमधला पडदा कधी ओढला गेला नाही. मावशींनी तिला सांगितलेलं कुठल्या पुस्तकात नव्हतं. सकाळी उठल्यावर बोटं कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवायची, मग बटणांना हात घालायचा. पायांवर सूज आहे का ते रोज दात घासताना बघायचं. लघवीला साबणासारखा फेस आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. दमलो की दमलो म्हणायचं, आणि बसायचं. "मी काउंटरवर बसून घेतलं की लोक कुरकुरायचे," मावशी म्हणाल्या, "मग मी म्हणायचे, पत्र बसल्या जागेवरूनही जातं." भोंगा त्या दिवशी इतकी हसली की सिस्टर औषधाची ट्रॉली सोडून धावत आल्या.

मावशी घरी गेल्या त्या दिवशी तिने माझ्याकडे कोरी वही मागितली. त्यात रोजचं लिहायला लागली: गोळ्या घेतल्या, झोप किती, सूज आहे की नाही, ऊन किती लागलं, दुखणं दहापैकी किती. रुग्णाचं आपण लिहितो तसंच, फक्त रुग्ण स्वतःच. पहिल्या पानावर तिने स्वतःबद्दल लिहिलं होतं: "रुग्ण हट्टी. नीट समजावून सांगावे."

पाच आठवड्यांनी तिला इस्पितळातून सोडलं. सूज गेली होती, प्रथिनं कमी होत आली होती. पण हजेरी भरली नव्हती आणि अर्धं वर्ष मागे पडणार हे नक्की होतं. ते तिने मॅडमच्या तोंडून ऐकलं, खोलीत आली, दहा मिनिटं रडली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "ठीक आहे. तू आधी पास हो, म्हणजे मला तुझ्या नोट्स मिळतील."

आता प्रश्न राहिला उन्हाचा. हॉस्टेल ते इस्पितळ हे अंतर होतं दहा मिनिटांचं, मधे उघडं मैदान, झाडाचं नाव नाही. आमच्या युनिफॉर्मच्या बाह्या कोपरापर्यंत, कारण वॉर्डात कोपराखाली काही घालायचं नाही, हात धुवायला ते मोकळे लागतात. नियम बरोबरच होता. पण उघड्या हातांनी ते मैदान रोज चार वेळा ओलांडायचं म्हणजे आजाराला हाक मारून बोलावणं. नुसतं सनस्क्रीन फासून ती जायची तेव्हा आमच्या मजल्यावरच्या मुली म्हणायच्या, "भिंतीला चुना देऊन झाला असेल तर निघूया."

हा प्रश्न सोडवला तिच्या वडिलांनी. ते भेटायला आले, मुलीचं बोलणं ऐकलं. मग गळ्यातली टेप काढली आणि तिच्या हाताची मापं घेतली. पुढच्या रविवारी पुडकं घेऊन हजर. तिच्या जुन्या युनिफॉर्मच्या बाहीच्या आतून त्यांनी बारीक टिचबटणांची एक ओळ लावली होती, आणि तसल्याच कापडाच्या लांब बाह्या वेगळ्या शिवल्या होत्या, मनगटाच्याही पुढे, हाताचा पंजा झाकेल अशा. मैदानात जाताना बाह्या लावायच्या. वॉर्डाच्या दाराशी टिच, टिच, टिच, काढायच्या आणि खिशात टाकायच्या.

भोंगाने घालून पाहिलं. हात वर केले, खाली केले, फिरवले. "बाबा, बटणं लावायला माझी बोटं त्रास देतात."

"म्हणून तर टिचबटणं," वडील त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले. "काजाची नाही लावली. दाबलं की बसतं. आधी मी चार दिवस डाव्या हाताच्या करंगळीने लावून बघितली."

शिलाई मशीनपाशी बसून डाव्या करंगळीने बटणं दाबून बघणारा तो माणूस मला डोळ्यांसमोर दिसला. भोंगाने त्यांना मिठी मारली ती बाह्यांसकट.

पण खरी परीक्षा होती मेट्रनबाईंची. त्या रोज सकाळी इस्पितळाच्या दाराशी उभ्या राहून युनिफॉर्म तपासायच्या. नखं, केस, बूट. त्यांच्या नजरेतून सुटलेला सैल धागा कोणी पाहिलेला नव्हता. सोमवारी भोंगा लांब बाह्या घालून मैदान ओलांडून आली, आणि मेट्रनबाईंनी तिला हाताने थांबवलं.

"हे काय?"

भोंगाने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. मेट्रनबाईंनी ती वाचली, घडी घातली, परत दिली. "ऊन बाहेर आहे. वॉर्डात काय करणार?"

टिच, टिच, टिच. दोन सेकंदांत दोन्ही बाह्या खिशात, कोपराखालचे हात मोकळे. रांगेतल्या आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या.

"पुन्हा लाव."

तिने लावल्या.

"पुन्हा काढ."

तिने काढल्या. मेट्रनबाईंनी बाहीची किनार उलटून बघितली, टाका बघितला, बटण नखाने खरवडून बघितलं. "कोणी शिवलं?"

"बाबांनी."

"त्यांना सांग, बटणं पांढरी लावा. ही राखाडी दिसतात." आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. "रोज धुवायच्या या बाह्या. नखं दाखव तू."

आमचा जीव भांड्यात पडला. त्याच आठवड्यात मेट्रनबाईंनी न सांगता तिची संसर्गाच्या वॉर्डातली पाळी पुढे ढकलली, स्टिरॉइड कमी होईपर्यंत. ती मागून पूर्ण करून घेतली, एक तासही न सोडता. भोंगाने यावेळी "सवलत नको" म्हटलं नाही. "थँक्यू" म्हणाली.

मी पास झाले तेव्हा ती अजून पुस्तकं घेऊन बसलेली होती. सहा महिन्यांनी तिची परीक्षा आली. प्रात्यक्षिकाला परीक्षकांनी तिला एका मधुमेही आजोबांना गोळ्यांचं महत्त्व समजावून सांगायला लावलं. आजोबा म्हणाले, "मला आता बरं वाटतंय, मग कशाला?" भोंगा स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली. "आजोबा, मीसुद्धा अगदी हेच म्हटलं होतं," तिने सुरुवात केली, आणि पुढची सात मिनिटं परीक्षक लिहायचं विसरून ऐकत बसले. आजोबांनी तिच्यासमोर गोळी घेतली. वर तिलाच दटावलं, "तुझी घेतलीस का आज?"

आता ती मूत्रपिंडाच्या वॉर्डात नर्स आहे. स्टिरॉइड अगदी कमी मात्रेवर आलंय, लघवी स्वच्छ आहे, वह्या सात झाल्यात. मधे एकदा आजाराने पुन्हा डोकं वर काढलं होतं, पण यावेळी तिने तिसऱ्याच दिवशी ओळखलं आणि डॉक्टरांना फोन केला. रजा लागली फक्त चार दिवस. बुधवारी संधिवाताच्या डॉक्टर नव्याने निदान झालेल्या मुलींना तिच्याकडे पाठवतात, आणि बाहेर बसलेले नातेवाईक आतून हसण्याचा आवाज कसा येतो म्हणून एकमेकांकडे बघतात.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला सांध्यांसाठी पोहायला सांगितलं, छताखालच्या तलावात. तिने एकटीने कसं जायचं म्हणून मला ओढलं, आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या आईलाही. गेल्या शनिवारी सकाळी मी काठावर पाय सोडून बसले होते. आई उथळ पाण्यात कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी, डोक्यावर निळी रबरी टोपी.

"आई, सोड कठडा. मी धरलंय तुला."

"तू धरलंयस हे मला माहितेय. पाण्याला माहितेय का?"

"पाय मार आई. मार पाय!"

आईने एक हात सोडला. मग दुसरा. तीन वेळा पाय मारले, चौथ्यांदा तोंडात पाणी गेलं, आणि ती खोकत, हसत, लेकीच्या गळ्यात पडली. भोंगाने तिला पाठीवर आडवं केलं, मानेखाली हात दिला, आणि दोघी छताच्या काचेतून येणाऱ्या उजेडाखाली हळूहळू पलीकडच्या काठाकडे सरकत गेल्या.